क्लाउडवर जायचं का? सोलापूरच्या व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार, युनिफॉर्म शिवणारे गारमेंटवाले, मार्केट यार्डातले अडते, सीएंची ऑफिसं, पतसंस्था आणि हॉस्पिटलं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. क्लाउडचे दर सतत बदलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे कमी आणि हिशेब कसा मांडायचा हे जास्त सापडेल.

१. क्लाउड म्हणजे नेमकं काय? आमचा डेटा असतो तरी कुठे?

जमिनीवरच असतो, फक्त तुमच्या जागेत नसतो. मोठ्या कंपन्यांनी हजारो सर्व्हरच्या इमारती उभ्या केल्या आहेत. त्यातल्या एकेका यंत्राचे सॉफ्टवेअरने भाग पाडतात आणि प्रत्येक भाग ग्राहकाला स्वतंत्र मशीनसारखा वापरायला देतात. भाडं वापरावर लागतं, बऱ्याचदा तासाच्या किंवा सेकंदाच्या हिशेबाने. ॲमेझॉनने अशी सेवा २००६ मध्ये सुरू केली, त्यानंतर मायक्रोसॉफ्ट आणि गुगलही त्यात उतरले.

अशा इमारतींच्या समूहाला 'रीजन' म्हणतात. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये आणि हैदराबादचं २०२२ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचं एक रीजन पुण्यात आहे, गुगलची मुंबई आणि दिल्लीत आहेत. म्हणजे सोलापूरच्या दोन्ही अंगांना, पुण्यात आणि हैदराबादेत, दिवसाभरात गाडीने जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, अशा इमारती आहेत. मशीन घेताना रीजन स्वतः बघून निवडा. यादीत कधी कधी अमेरिकेचं रीजन आधीच निवडलेलं असतं. तिथे राहिलात तर प्रत्येक निरोपाला जाऊन-येऊन पाव सेकंदाच्या आसपास लागतो, एका क्लिकमागे असे अनेक निरोप असतात आणि मग "क्लाउड फार स्लो आहे" अशी तक्रार सुरू होते.

२. आम्ही गुगल ड्राइव्ह वापरतो, बिलिंगही ऑनलाइन ॲपवर करतो. म्हणजे क्लाउडवर आहोतच ना?

आहात, पण वेगळ्या पायरीवर. आपल्याकडच्या धंद्यात सांगायचं तर, कुणी शेड भाड्याने घेऊन त्यात स्वतःचे माग टाकतो, तर कुणी सूत देऊन मजुरीवर तयार माल विणून घेतो. क्लाउडवरचं मशीन भाड्याने घेणं हा पहिला प्रकार. जागा आणि वीज त्यांची, बाकी मशीनवरचं सगळं तुमचं. याला आयएएएस म्हणतात. ऑनलाइन बिलिंग, जीमेल, हॉस्पिटलचं तयार सॉफ्टवेअर हा दुसरा प्रकार, म्हणजे एसएएएस. मधला पीएएएस हा प्रकार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कामाचा आहे, दुकानदाराला किंवा कारखानदाराला त्यात शिरायची गरज सहसा पडत नाही.

माझं मत विचाराल तर लहान पेढीने शक्य तिथे तयार सेवाच घ्यावी. मशीन भाड्याने घेतलं की ते सांभाळणारा माणूसही लागतो, आणि त्याचा पगार कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही.

३. ऑफिसातला सर्व्हर चांगला चाललाय. उगाच कशाला हलवायचा?

चांगला चालला असेल तर हलवू नका. सगळे एकाच छताखाली बसत असतील, बाहेरून कुणाला काम करायची गरज नसेल आणि मशीन तीन-चार वर्षांपेक्षा जुनं नसेल, तर ते तिथेच राहू द्या. क्लाउडवर फक्त बॅकअप पाठवा. एवढं केलं तरी धोक्याचा मोठा भाग कमी होतो.

हलवायचा विचार करावा तो अशा वेळी: ऑफिस होटगी रोडला, कारखाना चिंचोळीला आणि मालक महिन्यातले दहा दिवस मुंबई-सुरतला, किंवा सर्व्हर जिन्याखाली ठेवलाय, एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर जातो आणि एसी संध्याकाळी बंद होतो, किंवा सर्व्हर बदलायची वेळ आलीच आहे. यंत्रमागाच्या शेजारी ठेवलेल्या सर्व्हरच्या पंख्यात कापसाची तूस कशी साठते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र क्लाउडवर नेऊ नये: मशीनचा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), डाइंग युनिटचं नियंत्रण किंवा बॉयलरचे सेन्सर. तिथला निर्णय जागेवरच व्हायला हवा. नोंदी वर पाठवायच्या तर पाठवा.

४. स्वस्त पडतं की महाग?

वर्षभर, चोवीस तास, सारख्याच भाराने चालणारं मशीन क्लाउडवर बहुधा स्वस्त पडत नाही. केवळ पैसे वाचवायला जाणाऱ्यांची निराशा होते, म्हणून हे आधीच सांगतो.

तुलना करायची तर पाच वर्षांची करा, आणि दोन्ही बाजू पूर्ण लिहा. ऑफिसातल्या सर्व्हरच्या बाजूला फक्त खरेदीची किंमत लिहून चालणार नाही. ३०० वॅट खाणारं मशीन सतत चालू ठेवलं तर महिन्याला २१६ युनिट जातात, एसीचे वेगळे. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. विंडोज सर्व्हरचं लायसन्स, बॅकअपची डिस्क, हार्डवेअरवाल्याचा वार्षिक करार, आणि डिस्क गेली तर ऑफिस बंद राहण्याचे दिवस हेही धरा. क्लाउडच्या बाजूला मशीनचं भाडं, डिस्कचं भाडं, बॅकअपच्या प्रती, बाहेर जाणारा डेटा, लायसन्स आणि १८ टक्के जीएसटी लिहा. बरेचसे दर मुळात डॉलरमध्ये असतात, त्यामुळे रुपया घसरला की बिल वाढतं.

क्लाउडचा खरा फायदा असमान वापरात आहे. महिन्यात साधारण ७३० तास असतात. मशीन रोज १० तास आणि महिन्याचे २६ दिवसच चालू ठेवलं तर २६० तास होतात, म्हणजे भाडं जवळपास ३६ टक्क्यांवर येतं. रात्री आपोआप बंद आणि सकाळी आपोआप सुरू करायची सोय सगळ्यांकडे असते, पण ती कुणीतरी लावावी लागते. सतत चालणाऱ्या मशीनसाठी एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर दर बराच उतरतो. मात्र पहिले तीन महिने करार करू नका. आपल्याला केवढं मशीन लागतं हे तोवर नीट कळलेलं नसतं.

खात्यात फर्मचा जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरा. तो नसेल तर भरलेल्या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट हातचं जाईल.

५. अंदाज एक दिला होता, बिल भलतंच आलं. पैसे गेले कुठे?

बहुतेक वेळा मशीनवर नाही, आजूबाजूच्या गोष्टींवर जातात. मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. मशीन काढून टाकलं तरी डिस्कच्या जुन्या प्रती तशाच पडून असतात. चाचणीसाठी घेतलेलं मशीन कुणाच्या लक्षात राहत नाही. डेटा वर चढवायला पैसे पडत नाहीत, खाली उतरवायला पडतात. ॲमेझॉनवर महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत आणि पुढे दर लागतो. सार्वजनिक आयपी पत्त्यालाही (इंटरनेटवरून मशीनपर्यंत पोहोचायचा क्रमांक) १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. एकट्याने काही नाही, पण असे आठ-दहा पत्ते पडून असले की जाणवतं.

खातं उघडलं त्याच दिवशी 'बजेट अलर्ट' लावा. तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. त्यामुळे निरोप मालकाच्या मोबाइलवर यायला हवा; कुणी न उघडणाऱ्या ईमेलवर आला तर उपयोग शून्य.

६. टॅली क्लाउडवर चालते का?

चालते, आणि सोलापुरात क्लाउडवर जाणारे निम्म्याहून जास्त लोक यासाठीच विचारतात असं मला वाटतं. पद्धत अशी: क्लाउडवर विंडोजचं मशीन घ्यायचं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि तिचा डेटा दोन्ही त्याच मशीनवर ठेवायचे, आणि आपल्या कॉम्प्युटरवरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या सोयीने, तिथे जायचं. 'दोन्ही त्याच मशीनवर' हे महत्त्वाचं. टॅली ऑफिसात आणि डेटा क्लाउडवर असं केलं तर प्रत्येक व्हाउचरला खोळंबा होतो. आणि टॅलीचा चालू डेटा गुगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवणं तर मुळीच नको. फाइल उघडी असताना सिंक झाली की डेटा बिघडायची भीती असते.

लायसन्सचा घोळ इथेच होतो. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एका वापरकर्त्याचं असतं, एका वेळी अनेकांना काम करायचं तर गोल्ड लागतं. त्याशिवाय विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच रिमोट सेशन मिळतात, आणि तीही व्यवस्थापनाच्या कामासाठी. रोजच्या कामाला लोक बसवायचे तर माणशी रिमोट डेस्कटॉपचं वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. कोटेशनमध्ये ते नसेल तर "किती जण एका वेळी बसतील आणि त्यांचं लायसन्स यात आहे का?" हे लेखी विचारा. खूप स्वस्त दर दिसला तर बहुधा इथेच काहीतरी गाळलेलं असतं.

७. प्रिंटर, बारकोड, वजनकाटा आणि डिजिटल सिग्नेचर यांचं काय?

साधा प्रिंटर रिमोट डेस्कटॉपमधून चालतो. बारकोडचा लेबल प्रिंटर चालतो, पण साइज जुळवायला वेळ लागतो. यार्डातला किंवा कारखान्यातला वजनकाटा सिरियल केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर वजन घेणारं सॉफ्टवेअर जागेवरच ठेवा आणि नोंद वर पाठवा. सौद्याच्या वेळी कांद्याच्या गाड्या रांगेत असताना नेटची वाट बघत बसता येत नाही.

डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरला लावलेलं असतं. दूरचं मशीन ते सहजी ओळखत नाही. सही लागणारी कामं स्थानिक कॉम्प्युटरवरूनच करा, आणि टोकन आयटीवाल्याकडे ठेवायला देऊ नका.

८. लाइट गेली, नेट गेलं, तर धंदा ठप्प?

लाइट गेली तर उलट बरं: क्लाउडवरचं मशीन चालूच राहतं, तुम्ही लॅपटॉप आणि मोबाइलच्या नेटवरून काम पुढे नेता. नेटचा प्रश्न खरा आहे. रस्ता खोदला की फायबर तुटतं, हे आपल्याला नवीन नाही. दोन कंपन्यांचं कनेक्शन घ्या, पण दोन्हींच्या तारा एकाच खांबावरून येत असतील तर दुसरं असून नसल्यासारखं. दुसरं कनेक्शन मोबाइल नेटवर्कवरचं घेतलेलं बरं. रिमोट डेस्कटॉपला फार वेग लागत नाही, स्थिर नेट लागतं.

आणि एक विचार करा: १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. सर्व्हर ऑफिसात असला तरी नेटशिवाय ई-इनव्हॉइसचा क्रमांक मिळत नाही. नेटवर अवलंबून तुम्ही आधीपासूनच आहात.

९. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आपोआप होतो ना?

नाही. मशीन भाड्याने घेतलं असेल तर बॅकअप तुम्ही लावल्याशिवाय होत नाही. तयार सेवेत कंपनी स्वतःच्या सोयीसाठी प्रती ठेवते, पण तुमच्या माणसाने चुकून खोडलेलं परत मिळेलच असं नाही. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन फंडाचं गुगल क्लाउडवरचं एक खासगी क्लाउड एका चुकीच्या सेटिंगमुळे खोडलं गेलं. ते दोन वेगळ्या जागी पसरलेलं होतं, तरी पूर्ण गेलं. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा आधार झाला, तरीही सेवा जवळपास आठवडाभर बंद राहिली.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या जागी, आणि त्यातली एक वेगळ्या खात्यात किंवा वेगळ्या कंपनीकडे. एक प्रत अशी ठेवा की ठरावीक दिवस ती कुणालाच, तुम्हालाही, खोडता येणार नाही. ही सोय बहुतेक ठिकाणी मिळते. तिमाहीत एकदा बॅकअपमधून टॅलीची कंपनी खरोखर उघडून ताळेबंद जुळतो का ते बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवत नाही.

१०. क्लाउडवर हॅकिंग होत नाही असं ऐकलं. खरं का?

खोटं. इमारत, वीज, मूळ यंत्र यांची सुरक्षा त्यांच्याकडे. तुमचं मशीन, पासवर्ड, अपडेट आणि कुणाला आत घ्यायचं हे तुमच्याकडे. ही वाटणी करारातच लिहिलेली असते.

लहान धंद्यांचा घात सहसा एकाच दारातून होतो: रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट, ३३८९, साऱ्या जगाला उघडं आणि पासवर्ड फर्मचं नाव अधिक १२३. असं मशीन शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. डेटा कुलूपबंद होतो आणि खंडणीची चिठ्ठी येते. आधी व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांसाठीची बंद वाट), मग रिमोट डेस्कटॉप, आणि दोन्हीला मोबाइलवरची दुसरी खूण, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड, एवढं करा. बॅकअपचं प्र. ९ मध्ये आलंच आहे. काही घडलंच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार, लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं.

११. डेटा भारतातच ठेवावा लागतो का?

सगळ्यांना एकच नियम नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि हिशेब कॉम्प्युटरवर असतील, तर त्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून अशा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेलही, म्हणजे केव्हा काय बदललं याची नोंद, हवं. प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्मला कंपनी कायद्याचे हे नियम लागू नाहीत. पण जीएसटी नोंदणी असलेल्या प्रत्येकाला नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात आणि त्यांचा बॅकअपही ठेवावा लागतो.

ग्राहकांची, कामगारांची किंवा रुग्णांची माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा बघा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा कायदा सरसकट "भारतातच ठेवा" म्हणत नाही. तरी मुंबई, पुणे, हैदराबाद हाताशी असताना बाहेर जायचं कारणच काय?

१२. आमची पतसंस्था आहे. बँकेचे नियम आम्हालाही लागू?

पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली, सहकार खात्याच्या देखरेखीत येतात. रिझर्व्ह बँकेच्या नाही. नागरी सहकारी बँकेचं वेगळं. रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबतचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत, आणि ते टियर ३ व ४ च्या, म्हणजे १,००० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना बंधनकारक आहेत. पतसंस्थेला बंधन नसलं तरी ते वाचून त्यातली करारासंबंधीची कलमं आपल्या व्हेंडरकडून लिहून घेतली तर फायदा तुमचाच.

१३. हॉस्पिटलच्या एमआरआय-सीटीच्या फाइलींनी जागा भरते. त्या वर टाकल्या तर?

जुन्या फाइलींसाठी 'आर्काइव्ह' प्रकारची साठवण घ्या, फार स्वस्त असते. अटी मात्र आहेत: सगळ्यात स्वस्त प्रकारात फाइल परत मागवायला १२ तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात, आणि कंपनीप्रमाणे ९० ते ३६५ दिवसांआधी खोडली तरी तेवढ्या दिवसांचं भाडं पडतं. कलबुर्गी किंवा विजयपूरहून फेरतपासणीला आलेल्या रुग्णाला उद्या या म्हणता येत नाही, तेव्हा अलीकडच्या वर्षभराच्या फाइली हाताशी ठेवा.

१४. ५०० जीबी डेटा वर चढवायला किती वेळ लागेल?

अपलोडचा वेग बघा, डाउनलोडचा नाही. २० एमबीपीएस अपलोड असेल तर ५०० जीबीला साधारण ५६ तास, तेही वेग एकदाही पडला नाही तर. शनिवारी संध्याकाळी सुरू करा. आधी जुनी वर्षं, शेवटी चालू वर्ष. मार्चअखेरीस आणि जीएसटी भरायच्या आठवड्यात हे काम काढूच नका.

१५. "९९.९९ टक्के चालू राहील" ही हमी म्हणजे काय?

३० दिवसांच्या महिन्यात ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ४ मिनिटं बंद, ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं, ९९.५ म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. मोठा आकडा जाहिरातीत असतो, तो बहुधा दोन वेगळ्या इमारतींत मशीन ठेवणाऱ्यांसाठी. ॲमेझॉनची एकट्या मशीनसाठीची हमी ९९.५ टक्के आहे. हमी मोडली तर पुढच्या बिलात सूट मिळते, बुडालेल्या ऑर्डरची भरपाई नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या बिघाडाने जगभरातली असंख्य ॲप कित्येक तास अडखळली, तेव्हा मोठमोठ्यांनीही वाटच बघितली.

१६. आयटीवाल्याने सगळं लावून दिलंय. आता तो फोन उचलत नाही. काय करायचं?

आधी हे शोधा: खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय? आपल्याकडे सर्रास असं होतं की लावून देणारा स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डवर, दहा ग्राहकांचं मिळून एकच खातं चालवतो. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही, सोय म्हणून केलेलं असतं. पण क्लाउड कंपनीच्या लेखी ग्राहक तो आहे, तुम्ही नाही. तुम्ही त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या दाखवल्या तरी कंपनी तुम्हाला आत घेणार नाही. या पानावरचा कुठलाही दुसरा विषय या एका गोष्टीच्या मागून येतो, असं मी धरून चालतो.

आत जाता येत असेल तोवर डेटाची पूर्ण प्रत खाली उतरवून घ्या, उतरवण्याचं बिल पडलं तरी. मग फर्मच्या डोमेनवरच्या (फर्मच्या इंटरनेटवरच्या नावाच्या) ईमेलने, फर्मच्या नावाने, मालकाच्या मोबाइलवरच्या दुसऱ्या खुणेसह नवीन खातं उघडा. आयटीवाल्याला कामापुरता वेगळा लॉगिन द्या, तो केव्हाही बंद करता येतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही तपासा. डोमेन त्याचं असेल तर ईमेलही त्याचाच. नव्याने काम देताना करारात तीन ओळी घाला: खातं आमच्या नावावर, मुख्य पासवर्ड आमच्याकडे, काम सोडताना पंधरा दिवसांत सगळी माहिती लेखी.

१७. कार्डावर पैसे असूनही बिल कटलं नाही आणि सेवा बंद झाली. असं का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप कटणारी रक्कम साधारणपणे १५,००० रुपयांच्या वर गेली की प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. बिल १४ हजारांचं असताना बिनबोभाट कटत होतं, १६ हजारांचं झालं आणि अडकलं. बिलाच्या तारखेची आठवण अकाउंटंटच्या मोबाइलवर लावा. थकबाकीचे निरोप अंगावर काढू नका. मशीन आधी बंद होतं, पुढे डेटाही खोडला जातो, आणि ती मुदत कंपनीगणिक वेगळी असते.

१८. भागीदारी फुटली तर क्लाउडवरचा डेटा कुणाचा?

क्लाउड कंपनी भागीदारीचं पत्र बघत नाही, खात्यावरचं नाव आणि ईमेल बघते. ज्याच्या हातात मुख्य लॉगिन, त्याच्या हातात डेटा. दुसऱ्याला कोर्टात जावं लागतं, आणि मधल्या काळात जीएसटीची नोटीस आली तर उत्तर द्यायला वह्या नसतात. वाटणीची बोलणी सुरू झाली की दोघांच्या समोर पूर्ण प्रत काढून दोन डिस्कवर द्या, दोघांच्या सह्यांचा कागद करा. २०२४-२५ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५ धरली तर त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत लागणार आहेत, म्हणून जुन्या फर्मचं खातं कुणी आणि कुणाच्या खर्चाने चालू ठेवायचं हेही त्याच कागदात लिहा. मग सगळे पासवर्ड बदला. दुसरी खूण ज्याच्या मोबाइलवर येते तो भागीदार बाहेर पडत असेल, तर तो जायच्या आधी नंबर बदलून घ्या. नंतर तो बदलायला त्याच्याच मोबाइलवर कोड जातो.